मल्टी अ‍ॅक्शनची स्क्रिप्ट लिहायचीय? आधी कागद काढा

ज्यांच्या बजेटच्या एक्सेल फाइल नुकत्याच एसएपी अ‍ॅनालिटिक्स क्लाऊडवर (बजेट आणि रिपोर्टचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) गेल्यात आणि साहेबांनी "हे सगळं एका बटणावर होतं म्हणे, करून दाखव" असं सांगून ठेवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लांबलचक नाव सारखं टाइप करत बसत नाही, पुढे सॅकच म्हणतो.

एका बटणावर होतं हे खरंय. त्या बटणामागे जे असतं त्याला सॅकमध्ये मल्टी अ‍ॅक्शन म्हणतात आणि युजरने काय निवडलं ते तिला सांगायला, झालं की नाही ते परत विचारायला थोडी स्क्रिप्ट लागते. थोडी म्हणजे खरंच थोडी, पंधरा-वीस ओळी. नवीन माणूस मात्र नेमका तिथूनच सुरू करतो, कारण स्क्रिप्ट म्हटलं की काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटतं. मी इथे उलटं जाणार आहे, स्क्रिप्ट शेवटाकडे येईल, तोवर धीर धरा.

उदाहरणाला एक काल्पनिक कंपनी घेऊ. ऑफिस अंबडला, पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतला, धंदा द्राक्ष एक्सपोर्टचा. थॉमसन, सोनाका आणि शरद सीडलेस अशा तीन व्हरायटी. बजेटमध्ये किलो, किलोमागचा भाव, पॅकिंग, कोल्ड स्टोरेज आणि न्हावा शेवापर्यंतचं भाडं. तुमचा माल ब्रेक लायनिंग असेल किंवा कांदा पावडर असेल तरी पायऱ्या त्याच राहतात, पण द्राक्षात एक भारी गोची आहे म्हणून मुद्दाम तेच घेतलंय.

कोण काय करतं ते आधी

मॉडेल म्हणजे जिथे आकडे राहतात. व्हर्जन म्हणजे त्याच आकड्यांचे वेगवेगळे संच, अ‍ॅक्च्युअल, बजेट, फोरकास्ट वगैरे. यात पब्लिक व्हर्जन सगळ्यांना दिसतं आणि प्रायव्हेट फक्त तुम्हाला किंवा तुम्ही शेअर केलं त्यांना. डेटा अ‍ॅक्शन म्हणजे मॉडेलवर करायचं हिशेबाचं काम: इकडचे आकडे तिकडे कॉपी कर, गुणाकार कर, खर्च वाटून दे, दुसऱ्या मॉडेलमध्ये ने. एका डेटा अ‍ॅक्शनमध्येही अनेक पायऱ्या असू शकतात.

आणि मल्टी अ‍ॅक्शन म्हणजे मुकादम. मुकादम स्वतः कात्री हातात घेऊन छाटणी करत नाही, कुठली टोळी कधी कुठल्या प्लॉटवर लावायची ते बघतो. तसं मल्टी अ‍ॅक्शन स्वतः हिशेब करत नाही, वेगवेगळ्या मॉडेलवरच्या डेटा अ‍ॅक्शन ओळीने चालवते, मध्ये व्हर्जन पब्लिश करते (म्हणजे बदल सगळ्यांना दिसतील असे पक्के करते), बाहेरच्या सिस्टीममधून डेटा इम्पोर्ट करून घेते, प्रेडिक्टिव्ह सिनेरिओ (जुन्या आकड्यांवरून पुढचा अंदाज) चालवते, एपीआयला, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला, हाक मारते. स्टोरी म्हणजे युजरला दिसणारं पान, बटण तिथे असतं आणि स्क्रिप्टही तिथेच.

लायसन्सचं पण बघून घ्या, नाहीतर अर्धा दिवस मेनू शोधण्यात जातो. डेटा अ‍ॅक्शन आणि मल्टी अ‍ॅक्शन बनवायला प्लॅनिंग प्रोफेशनल लागतं, नुसती चालवायला प्लॅनिंग स्टँडर्ड पुरतं. साधं बीआय लायसन्स असेल तर रिपोर्ट बघा आणि चहा प्या.

पायरी पहिली: कागद

बजेट बनवताना आत्ता हाताने काय काय करता ते क्रमाने लिहा. आपल्या कंपनीचं साधारण असं होईल: अ‍ॅक्च्युअल आणायचे, त्यावरून बेस किलो भरायचे, व्हरायटीप्रमाणे वाढ किंवा घट लावायची, भावाने गुणून विक्री काढायची, कोल्ड स्टोरेजचा खर्च किलोच्या प्रमाणात वाटायचा, बेरजा नफा-तोट्याच्या मॉडेलमध्ये न्यायच्या, पब्लिश करायचं.

आता प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहा. आकडे कुठून येतात, कुठे जातात, आणि हीच ओळ चुकून दोनदा चालली तर काय होईल. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण बटण दोनदा दाबलं जाणार म्हणजे जाणारच. नेट हळू असतं, स्क्रीन अडकल्यासारखी वाटते, माणूस परत दाबतो. किंवा सकाळी एकाने चालवलं, दुपारी दुसऱ्याने. मल्टी अ‍ॅक्शन चांगली कुठली, तर कितीही वेळा चालवली तरी जिचं उत्तर तेच येतं ती. बाकी सगळं नंतर.

आकड्यांतच बघू. बेस थॉमसन ६०,००० किलो, वाढ २० टक्के. डेटा अ‍ॅक्शनमध्ये तुम्ही लिहिलंत की किलो बरोबर किलो गुणिले १.२. एकदा चाललं की ७२,००० झाले, बरोबर. परत कुणी दाबलं की ८६,४००. एरर नाही, लाल खूण नाही, हिरवा मेसेज येतो की यशस्वी झालं. उपाय सोपा आहे, बेस किलो आणि प्लॅन किलो हे दोन वेगळे अकाउंट किंवा मेजर (मॉडेलमधले आकड्यांचे वेगळे कप्पे) ठेवा, वाचायचं कायम बेसवरून आणि लिहायचं कायम प्लॅनवर. मग शंभर वेळा दाबा, ७२,००० च.

कॉपीच्या पायरीतही हेच लफडं आहे. तिथे ओव्हरराइट आणि अपेंड असे दोन पर्याय असतात. अपेंड म्हणजे आहे त्यात मिळव, म्हणजे दुसऱ्यांदा चाललं की ६०,००० चे १,२०,००० होणार. एकाच ठिकाणी दोन-तीन सोर्समधून आकडे गोळा करायचे असतील तर अपेंड लागतंच, पण तसं असेल तेव्हा सगळ्यात आधी टार्गेट पुसायची पायरी टाका. मी तर म्हणेन ओव्हरराइट असलं तरी पुसायची पायरी टाका, अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युलामध्ये (डेटा अ‍ॅक्शनमधली स्वतः सूत्र लिहायची पायरी) डिलीट म्हणून आहे, एका ओळीचं काम आहे, आणि गेल्या खेपेचे शिळे आकडे कुठल्या कोपऱ्यात राहून गेलेत का ही शंकाच मिटते. फक्त पुसताना व्हर्जन, महिना आणि अकाउंट नीट बांधून घ्या, नाहीतर दुसऱ्याने हाताने भरलेले भाव पण जातील.

एप्रिलची गोची

आता ती द्राक्षवाली गोष्ट. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि नाशिकच्या द्राक्षाचा हंगाम ढोबळमानाने जानेवारी ते एप्रिल. म्हणजे एकच हंगाम दोन आर्थिक वर्षांत कापला जातो: जानेवारी-फेब्रुवारी-मार्च एका वर्षात, त्याच बागांचा एप्रिलचा शेवटचा माल पुढच्या वर्षात. उलट बाजूने बघितलं तर एका आर्थिक वर्षात दोन वेगळ्या हंगामांचे तुकडे असतात, सुरुवातीला एप्रिलमध्ये जुन्या हंगामाची शेपटी आणि शेवटी जानेवारीपासून नव्या हंगामाचं डोकं.

नवीन माणूस काय करतो, कॉपीच्या पायरीत गेलं पूर्ण वर्ष उचलतो आणि पुढच्या वर्षावर टाकतो, वर सरसकट वाढीचा टक्का लावतो. मॉडेलला यात काही चुकीचं दिसत नाही. पण समजा मार्च २०२६ मध्ये बसून २०२६-२७ चं बजेट करताय. एप्रिल २०२६ चा माल ऑलरेडी वेलीवर लटकतोय, त्याची छाटणी मागच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच झालीय, कुठल्या प्लॉटचा किती माल एप्रिलपर्यंत लांबणार ते फिल्डवरच्या माणसाला माहितीये. त्याला टक्केवारी लावून काय उपयोग? तो आकडा छाटणीच्या रजिस्टरवरून आणि चालू हंगामाच्या फोरकास्टमधून यायला हवा. आणि जानेवारी-मार्च २०२७ हा अजून छाटणीही न झालेला हंगाम, तिथे मात्र बेस गुणिले वाढ हेच करावं लागतं. त्यातही बेसचा हंगाम अवकाळीने झोडपलेला असेल किंवा निफाडकडे थंडीने मणी तडकले असतील तर तो बेस म्हणून धरायचा का हा माणसाने ठरवायचा प्रश्न आहे, मशीनचा नाही.

म्हणून एकाऐवजी दोन पायऱ्या. एक फक्त एप्रिलसाठी, सोर्स फोरकास्ट, वाढ नाही. दुसरी जानेवारी ते मार्चसाठी, सोर्स अ‍ॅक्च्युअल, आणि बेस हंगाम कुठला तो पॅरामीटरने (चालवताना युजरने भरायची माहिती) विचारायचा. मधले मे ते डिसेंबर विक्रीला रिकामे राहतील पण खर्चाला नाही, एप्रिलची खरड छाटणी झाली की बागायतदाराचे अ‍ॅडव्हान्स, पॅकहाऊसचं मेंटेनन्स, पगार हे चालूच. मॉडेलमध्ये हंगाम नावाचं वेगळं डायमेन्शन (व्हरायटी, महिना यांसारखी आकड्यांची वर्गवारी) ठेवलंत तर रिपोर्ट काढताना फार सोपं जातं. मॉडेल बनवणाऱ्याशी भांडून का होईना ते घालून घ्या, नंतर घालायला गेलं की सगळ्या डेटा अ‍ॅक्शन परत उघडाव्या लागतात.

कांदेवाल्यांचं यातून सुटत नाही हं. उन्हाळ कांदा चाळीत भरून महिनोनमहिने विकतात, त्यामुळे काढणीचा महिना आणि विक्रीचा महिना यांची सांगड वेगळीच घालावी लागते.

पायरी दुसरी: डेटा अ‍ॅक्शन एकेक करून

कागदावरची प्रत्येक ओळ म्हणजे एक डेटा अ‍ॅक्शन, असं सुरुवातीला धरा. नंतर हात बसला की दोन-तीन एकत्र करा. एकाच डेटा अ‍ॅक्शनमध्ये सगळं कोंबलं की कुठे बिघडलं ते सापडत नाही.

अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युला लिहिताना पहिल्या ओळी मेंबरसेटच्या असू द्या, म्हणजे कुठले महिने, कुठल्या व्हरायटी, कुठले अकाउंट एवढ्यापुरतंच चालव. हे नाही लिहिलं तर तो सगळ्या मॉडेलभर फिरतो, वेळही जातो आणि नको तिथे लिहूनही ठेवतो. मग रिझल्टलुकअपने वाचायचं आणि डेटाने लिहायचं, एवढं कळलं की अर्धी भाषा आली.

एक गोष्ट एक्सेलवाल्यांना हमखास चकवते. रिकामा सेल म्हणजे शून्य नव्हे. प्लॅन किलो आहेत पण शरद सीडलेसचा मार्चचा भाव कुणी भरलाच नाही, तर किलो गुणिले भाव याचं उत्तर शून्य येत नाही, त्या ठिकाणी काहीच लिहिलं जात नाही, जणू ती ओळ अस्तित्वातच नाही. बेरीज बघणाऱ्याला वाटतं विक्री कमी झाली. त्यामुळे विक्री काढायच्या आधी 'किलो आहेत पण भाव नाही' असे सेल दाखवणारं एक छोटं टेबल स्टोरीत ठेवा. फॉर्म्युल्यात रिकाम्या सेलनाही धरून चालायची सेटिंग आहे, पण ती चालू केली की काम जड होतं, गरज असेल तिथेच वापरा.

टेस्टिंग कसं करायचं तर बजेट व्हर्जनची प्रायव्हेट कॉपी काढा, एक व्हरायटी, एक महिना, तोंडी हिशेब करता येईल असे आकडे भरा. समजा १,००० किलो, ९० रुपये, विक्री ९०,००० आली पाहिजे. आली? लगेच परत चालवा. परत ९०,००० च आली तर पुढच्या डेटा अ‍ॅक्शनकडे जा. अडकलात तर डेटा अ‍ॅक्शनमध्ये ट्रेसिंग आहे, ठराविक जागी थांबून त्या क्षणी कुठल्या सेलमध्ये काय होतं ते दाखवतं. ते वापरायला शिका, लोक उगाच फॉर्म्युल्याच्या ओळी काढून-घालून बघत बसतात.

पायरी तिसरी: क्रम लावणे

आता मल्टी अ‍ॅक्शन उघडा आणि पायऱ्या रचा. इथे क्रम चुकला तरी सॅक तक्रार करत नाही, म्हणून जरा थांबून बघा.

कोल्ड स्टोरेजचं बिल ६ लाख, ते किलोच्या प्रमाणात वाटायचंय. बेस थॉमसन ६०,०००, सोनाका ३०,०००, शरद १०,०००. वाढ फक्त थॉमसनला, २० टक्के. वाटपाची पायरी वाढीच्या आधी लावली तर थॉमसनवर ३.६० लाख पडतात, सोनाकावर १.८०, शरदवर ०.६०. वाढीच्या नंतर लावली तर एकूण किलो १,१२,००० होतात आणि थॉमसनवर साधारण ३.८६ लाख, सोनाकावर १.६१, शरदवर ०.५४. दोन्ही वेळा बेरीज ६ लाखच. म्हणजे वरची बेरीज बघून चूक सापडणारच नाही, फक्त थॉमसन आहे त्यापेक्षा जास्त फायद्याची दिसेल आणि कुणीतरी त्यावरून पुढच्या वर्षी कुठल्या बागायतदाराशी करार करायचा ते ठरवेल. म्हणून तपासताना एकूण बेरजेवर समाधान मानू नका, व्हरायटीच्या लेव्हलला उतरून बघा.

दुसरं, पब्लिशची पायरी कुठे. डेटा अ‍ॅक्शनने पब्लिक व्हर्जनवर काही लिहिलं की ते पब्लिश होईपर्यंत फक्त चालवणाऱ्यालाच दिसतं. त्यामुळे पब्लिशची पायरी विसरलात तर तुमच्या स्क्रीनवर सगळं छान आणि शेजारच्या टेबलावर जुनेच आकडे, मग फोनवर वाद. पण प्रत्येक पायरीनंतर पब्लिश टाकायचा उत्साह पण नको, कारण मधली पायरी पडली तर पुढच्या चालत नाहीत आणि जे पब्लिश झालं ते झालं, ते मागे घेता येत नाही. पब्लिशच्या आधी रिव्हर्ट करता येतं, नंतर आकडे परत दुरुस्तच करावे लागतात. शक्यतो सगळे हिशेब उरकून शेवटी एकदाच पब्लिश ठेवा. दुसऱ्या मॉडेलमध्ये नेलेल्या आकड्यांसाठी त्या मॉडेलच्या व्हर्जनची पब्लिश पायरी वेगळी लागते हे लक्षात असू द्या, ती हमखास राहते.

डेटा लॉकिंग (ठराविक आकडे बदलता येऊ नयेत म्हणून कुलूप) चालू असेल तर एकदा ते पण बघा. मार्च लॉक झालाय आणि तुमची अ‍ॅक्शन मार्चमध्ये लिहायला गेली तर ते आकडे पब्लिशमध्ये अडकणार.

पॅरामीटर: मल्टी अ‍ॅक्शनचे स्वतःचे पॅरामीटर बनवा, उदाहरणार्थ टार्गेट व्हर्जन, बेस हंगाम, वाढीचा टक्का, आणि ते आतल्या प्रत्येक डेटा अ‍ॅक्शनच्या पॅरामीटरला जोडा. एकाही पायरीत व्हर्जन हाताने फिक्स ठेवू नका. पाच पायऱ्या पॅरामीटरप्रमाणे तुमच्या प्रायव्हेट कॉपीवर चालल्या आणि सहावी फिक्स असल्यामुळे थेट खऱ्या बजेटवर चालली, ही कल्पनाच करून बघा.

प्रेडिक्टिव्हच्या पायरीबद्दल एकच सांगतो. डिझेलचा खर्च, वीजबिल, पॅकिंग मटेरियल अशा दरमहा सरळ चालणाऱ्या गोष्टींना लावा. लासलगावच्या कांद्याच्या भावाला लावाल तर आलेख सुंदर येईल, पण एका निर्यातबंदीच्या आदेशात भाव कुठल्या कुठे जातो ते त्या आलेखाला काय माहीत.

पायरी चौथी: आता स्क्रिप्ट

स्टोरी एडिट मोडमध्ये उघडा, डावीकडच्या आउटलाइनमध्ये स्क्रिप्टिंगचा भाग असतो, तिथे मल्टी अ‍ॅक्शन जोडा आणि तिला नीट नाव द्या. जोडताना येतं ते नंबरवालं नाव तसंच ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही. मग पानावर एक ड्रॉपडाउन व्हर्जनसाठी, एक हंगामासाठी, एक इनपुट फील्ड टक्क्यासाठी आणि एक बटण. बटणाच्या ऑनक्लिकवर, म्हणजे दाबल्यावर चालणाऱ्या जागी, स्क्रिप्ट.

भाषा जावास्क्रिप्टसारखी आहे, पण जावास्क्रिप्टचा थोडाच भाग चालतो आणि टाइपच्या बाबतीत कडक आहे, आकडा हवा तिथे अक्षर दिलं तर सेव्ह करायच्या आधीच ओरडते, ते चांगलंच आहे. नावं पाठ करायची गरज नाही, एडिटरमध्ये कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबा, यादी समोर येते. म्हणून ओळी शब्दांतच सांगतो.

पहिलं, ड्रॉपडाउनमधून निवडलेल्या पर्यायाची 'की' (त्याचा आतला आयडी) वाचा, इनपुट फील्डची व्हॅल्यू वाचा. काही रिकामं असेल तर शो मेसेजने वॉर्निंग दाखवा आणि तिथेच थांबा, पुढे जाऊ देऊ नका. इनपुट फील्डमधून येणारी गोष्ट कायम स्ट्रिंग, म्हणजे अक्षरं, असते, ती कन्व्हर्टयुटिल्समधल्या स्ट्रिंग-टू-नंबरने आकड्यात बदला. आणि युजर वीस टक्क्यांना २० लिहिणार, फॉर्म्युल्याला ०.२० हवं असेल, तर शंभराने भागायचं कुठे ते एकदाच ठरवा, स्क्रिप्टमध्ये किंवा डेटा अ‍ॅक्शनमध्ये. दोन्हीकडे भागलं की वाढ ०.२ टक्के होते आणि कुणाला कळत पण नाही. टक्का फार मोठा असेल, समजा शंभरच्या वर, तर स्क्रिप्टमध्येच अडवा.

दुसरं, बटण डिसेबल करा आणि बिझी इंडिकेटर दाखवा, त्यावर काहीतरी मजकूर लिहा, नुसतं गोल फिरत राहिलं की माणूस टॅब बंद करतो.

तिसरं, सेट पॅरामीटर व्हॅल्यूने एकेक पॅरामीटर भरा. इथे दोन ठिकाणी माणूस अडकतो. पॅरामीटरचा आयडी द्यायचा असतो, दिसणारं नाव नाही. आणि व्हॅल्यूही मेंबरचा (यादीतल्या एकेका पर्यायाचा) आयडीच द्यायचा, 'बजेट २६-२७' असं जे स्क्रीनवर दिसतं ते लेबल असतं. व्हर्जनचा आयडी आणि तारखेचा आयडी तर आतून बराच वेगळा दिसतो. अंदाजाने टाइप करू नका, कन्सोल लॉगने ती व्हॅल्यू छापा, ब्राउझरमध्ये एफ बारा दाबून बघा, कशी दिसते तशीच वापरा. ड्रॉपडाउनची की हीच मेंबरचा आयडी असेल असं करून ठेवलंत तर हा भाग सगळा सुटतो.

चौथं, एक्झिक्यूट. ही कमांड काम संपेपर्यंत थांबते आणि उत्तर परत देते, ते उत्तर व्हेरिएबलमध्ये पकडा. बरेच जण पकडतच नाहीत, एक्झिक्यूट लिहितात आणि खालच्या ओळीवर यशस्वीचा मेसेज. मग आत काहीही पडलं तरी युजरला हिरवंच दिसतं. उत्तराचं स्टेटस सक्सेस आहे का ते तपासा, असेल तर यशाचा मेसेज आणि रिफ्रेश डेटा, नसेल तर एररचा मेसेज, आणि त्यात पुढे काय करायचं ते लिहा, 'पब्लिश झालेलं नाही, बाकीच्यांना जुनेच आकडे दिसतायत, परत दाबू नका, अमुक माणसाला सांगा' असं काहीतरी. पब्लिश शेवटी ठेवलंय म्हणून हे वाक्य तुम्ही लिहू शकता, फक्त दोन मॉडेलच्या दोन पब्लिश पायऱ्या असतील तर दुसरी पडली तरी पहिली झालेली असते हे ध्यानात ठेवा. नुसतं 'एरर आली' लिहून उपयोग नाही.

पाचवं, बिझी इंडिकेटर काढा, बटण परत चालू करा. हे यश आणि अपयश दोन्ही रस्त्यांवर झालं पाहिजे.

झाली स्क्रिप्ट.

काम लांबणारं असेल, खूप महिने, खूप बागायतदार, तर एक्झिक्यूट इन बॅकग्राउंड वापरा. त्यात युजर थांबून राहत नाही, काम मागे चालू राहतं आणि स्टेटस बदललं की मल्टी अ‍ॅक्शनच्या ऑन एक्झिक्यूशन स्टेटस अपडेट या इव्हेंटमध्ये कळतं. म्हणजे मेसेज, रिफ्रेश आणि बटण परत चालू करणं हे सगळं त्या इव्हेंटमध्ये न्यायचं, एक्झिक्यूटच्या खालच्या ओळीवर ठेवलं तर काम संपायच्या आधीच चालेल.

कुणी म्हणेल मल्टी अ‍ॅक्शन कशाला, स्क्रिप्टमध्येच पाच डेटा अ‍ॅक्शन एकामागोमाग एक्झिक्यूट करतो. चालतं तसं. पण मग तो क्रम फक्त त्या एका पानाच्या त्या एका बटणात अडकून राहतो, दुसऱ्या स्टोरीत हवा असेल तर परत लिहा, आणि रात्री आपोआप चालवायचं म्हटलं तर कॅलेंडरला स्टोरीतली स्क्रिप्ट चालवता येत नाही, मल्टी अ‍ॅक्शन चालवता येते. माझा नियम असा की हिशेब आणि क्रम मल्टी अ‍ॅक्शनमध्ये, स्क्रिप्टने फक्त विचारायचं आणि सांगायचं.

पायरी पाचवी: रात्री आपोआप

सॅकच्या कॅलेंडरमध्ये मल्टी अ‍ॅक्शनचा टास्क बनवता येतो, एकदाच किंवा दर महिन्याला. कॅलेंडरमधून चालताना ड्रॉपडाउन भरायला समोर कुणी नसतं, त्यामुळे सगळ्या पॅरामीटरना आधीच व्हॅल्यू देऊन ठेवावी लागते. बेस हंगाम आणि टक्का यात ठेवणं मला पटत नाही, ते निर्णय माणसाचे आहेत. म्हणून दोन मल्टी अ‍ॅक्शन करा: एक रात्रीची, तिच्यात अ‍ॅक्च्युअल इम्पोर्ट, नफा-तोट्याच्या मॉडेलमध्ये कॉपी आणि पब्लिश एवढंच. दुसरी बजेटची, ती फक्त बटणावर.

वेळ ठरवताना अकाउंट्सवाल्यांना विचारा की महिनाअखेरच्या एंट्र्या खरंच कधी संपतात. एक तारखेला पहाटे लावलंत आणि बागायतदारांची बिलं पाच तारखेपर्यंत चढत असतील तर अर्धवट अ‍ॅक्च्युअल आणून ठेवाल. आणि टास्क ज्याच्या हक्कांनी चालतो त्याला ती सगळी मॉडेल, डेटा अ‍ॅक्शन आणि व्हर्जन यांचे हक्क आहेत ना ते तपासा. तुमच्या हाताने चाललं म्हणजे टास्कमधून चालेलच असं नाही. चालवायचा हक्क मल्टी अ‍ॅक्शनचा आहे पण आतल्या एका डेटा अ‍ॅक्शनचा नाही, असंही असतं.

टेस्टमधून प्रॉडक्शनला (खऱ्या वापराच्या सिस्टीमला) नेताना कंटेंट नेटवर्कमधून (सॅकमधली इकडचं तिकडे न्यायची सोय) पॅकेज एक्सपोर्ट कराल तेव्हा मल्टी अ‍ॅक्शनबरोबर आतल्या डेटा अ‍ॅक्शन, मॉडेल आणि स्टोरी घेतल्यात ना बघा. तिकडे इम्पोर्ट झालं की मल्टी अ‍ॅक्शन उघडून पॅरामीटरच्या डिफॉल्ट व्हॅल्यू एकेक वाचा, कारण टेस्टमध्ये तुम्ही निवडलेलं व्हर्जन प्रॉडक्शनमध्ये नसेलही. इम्पोर्टच्या पायरीचं कनेक्शनही खऱ्या सिस्टीमला जोडलंय की अजून टेस्टच्याच, ते बघितल्याशिवाय बटण कुणाला दाबू देऊ नका.